लिलावातली 'गिब्सन लेस पॉल' : पाचपैकी एक स्टार, तोही पॉलिशला

आमच्या बँडमधल्या पोट्ट्यानं ऑनलाइन लिलावात 32 हजारांत लेस पॉल मारली, म्हणजे गिब्सन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, चेरी सनबर्स्ट रंगाची, आणि सेटअप (वाजवायला नीट जुळवणी) करायला नागपुरात धर्मपेठेत माझ्याकडे आणून टाकली. नवी अमेरिकन लेस पॉल स्टँडर्ड आपल्याकडे दोन लाखांच्या पुढेच जाते, त्यामुळे भाव ऐकूनच डोक्यात शंका आली होती, पण पोट्टा इतका खुश की म्हटलं आधी वाजवून तर पाहू.

दिसायला एक नंबर. मेपल लाकडावरच्या लहरी मस्त, हेडस्टॉकवर (तारा ताणायच्या खुंट्यांचा वरचा भाग) लोगो, मागे नंबर ठोकलेला, खाली मेड इन यूएसए. फोटोवरून कोणीही फसेल, आणि गोम तिथंच आहे, डुप्लिकेटवाला फोटोत जेवढं दिसतं तेवढ्यावरच मेहनत घेतो, झाकणाखाली कोण पाहून राहिलं म्हणून तिथं पैसे वाचवतो.

म्हणून झाकणं उघडायची. हेडस्टॉकवर, मान सुरू होते तिथं, ते घंटेच्या आकाराचं ट्रस रॉडचं (मानेतली, मान सरळ ठेवणारी लोखंडी सळई) झाकण असतं नं, गिब्सनमध्ये ते दोन स्क्रूंवर बसतं, याच्यावर तीन. ही खूण आता सगळ्यांना माहीत झाली त्यामुळे हुशार नकलीवाले पण दोनच मारतात, तर स्क्रू मोजून थांबू नका, झाकण काढाच. आत गिब्सनला पितळी षटकोनी नट असतो, त्याला 5/16 इंचाचा बॉक्स पाना लागतो. इथं ॲलन की घालायचं भोक निघालं. माझ्यापुरता विषय तिथंच संपला.

पोट्टा म्हणे, "दादा, सिरीयल नंबर आहे नं पण!" आता 1977 पासून 2013 पर्यंतच्या बहुतेक रेग्युलर गिब्सनवर पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होतं, आणि मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. याच्यावर मधले तीन होते 412. चारशे बारावा दिवस, बाप्पा! पण नंबर बरोबर निघाला तरी हुरळू नका, एखादा खरा नंबर उचलून ढीगभर गिटारींवर ठोकतात हे लोक.

बाकी मानेच्या मागे हेडस्टॉकजवळ तिरकी जोडाची रेघ दिसली (गिब्सनची मान आणि हेडस्टॉक महोगनीच्या एकाच तुकड्यातून, फक्त कडेला बारीक पट्ट्या चिकटवलेल्या), मागच्या कप्प्यात चिल्लर साइजचे पॉट्स (आवाज-टोनच्या बटणांचे आतले भाग) आणि केसासारखी वायर. फ्रेटची (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) टोकं हाताला टोचत होती, पण मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या उन्हात लाकूड आकसलं की अस्सल गिटारीलाही हे होतं, तो पुरावा धरू नका.

वाजायला म्हणाल तर बाराव्या फ्रेटच्या पुढे बझ (तारेची खरखर), G तारेवर एक बेंड मारला की ट्यूनिंग गेलं, आणि डिस्टॉर्शन लावलं की नुसता चिखल. 32 हजारांत एपिफोन किंवा स्क्वायरचं (फेंडर कंपनीचा स्वस्त ब्रँड) सुरुवातीचं मॉडेल आरामात येतं, वॉरंटीसकट. आणि काही लोक मेड इन चायना पाहून नाक मुरडतात ते पण काहून कळत नाही, एपिफोन गिब्सनचाच ब्रँड आहे, बराचसा चीनमध्ये बनतो आणि पूर्ण अस्सल आहे. खोटं असतं ते दुसऱ्याचं नाव लावणं.

बोली लावायच्या आधी विकणाऱ्याला ट्रस रॉडचं झाकण आणि मागचं झाकण काढून फोटो मागा, "सील तुटेल भाऊ" वगैरे म्हणाला तर सोडून द्या, तिथं सील बिल काही नसतं.

विकणारा आता मेसेजच पाहत नाही. पोट्टा म्हणतो पुढे विकून टाकतो, मी म्हटलं वीक, पण आधी तो लोगो घासून काढ आणि पाच-सहा हजारांच्या वर मागू नको.