सिगारेट सिंगापूरला घ्यावी की जोहोर बारूला?

सिंगापूरला नोकरीसाठी आलेल्या सिगारेटवाल्याला पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगतं, "इथे कशाला घेतोस? जेबीहून आण." जेबी म्हणजे जोहोर बारू, समुद्रावरच्या कॉजवे रस्त्यापलीकडचं मलेशियातलं शहर. भाव ऐकून कोणालाही मोह होईल. 2025 च्या भावाने नावाजलेल्या ब्रँडचं वीसचं पाकीट तिकडे 17-18 रिंगिटला, म्हणजे साधारण साडेपाच सिंगापूर डॉलरला मिळायचं. इकडे तसंच पाकीट 15-16 डॉलर.

हा फरक कराचा आहे. फेब्रुवारी 2023 पासून सिंगापूरचा अबकारी कर एका सिगारेटमागे 49.1 सेंट झाला. मलेशियाचा 2015 पासून ऑक्टोबर 2025 पर्यंत 40 सेन होता, म्हणजे इथले जेमतेम 12 सेंट. आता त्याच भावाने आणि कराने तिकडचं पाकीट रीतसर जाहीर करून आणलं तर? साडेपाच अधिक 9.82 डॉलर कर, त्यावर 9 टक्के जीएसटी. झाले 16.70. इथल्या दुकानापेक्षा महागच, वर बसभाडं आणि वुडलँड्सच्या सीमा नाक्यावरची रांग.

खिशात घालून गुपचूप आणू, हा विचार तर करूच नका. सिंगापूरमध्ये सिगारेटला करमाफी एका कांडीचीही नाही. फोडलेलं, अर्धं संपलेलं पाकीटसुद्धा जाहीर करावं लागतं. जेबीहून येणाऱ्या 170 नंबरच्या बसमधून नाक्यावर उतरल्यावर सगळ्यांच्या बॅगा स्कॅनरमधून जातात. पुढे शहरातही तिकडचं पाकीट लपत नाही, कारण जुलै 2020 पासून इथली सगळी पाकिटं एकाच मळकट तपकिरी रंगाची, बिनलोगोची आहेत. रंगीत पाकीट टेबलावर ठेवलंत की संपलं. प्रकरण कोर्टात गेलं तर चुकवलेल्या कराच्या 40 पटींपर्यंत दंड आणि सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरीच्या परवान्यावर इथे राहणाऱ्या माणसाने दहा डॉलरसाठी नोकरी पणाला लावू नये, असं मला कळकळीने वाटतं.

जेबीत राहून रोज इकडे कामाला येत असाल, तर तिकडे घ्या, तिकडेच ओढा आणि पाकीट घरी ठेवून निघा. फायदा खरोखर तेवढ्यांनाच आहे.

मुंबई विमानतळावरच्या ड्युटी फ्री कार्टनलाही हाच नियम. 2023 च्या दराने 200 सिगारेटींवर नुसता अबकारी कर 98.20 डॉलर होतो. भारतातून येणाऱ्या पाहुण्याला "येताना एक कार्टन आण" म्हणण्याआधी हा आकडा त्याला सांगा.