दीड टनी पिकअप, दीड वर्षानंतर: गाडी चांगली, पण शाफ्टच्या जॉइंटला ग्रीसचं निपल नाही

मायलेज, पेलोड, हौद्याची लांबी हे तुम्ही गाडी घेण्याआधीच पाठ केलेलं असतं, म्हणून ते सोडून देतो. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि मालाड-बोरिवलीच्या बाजारांत टाकायची, एवढंच माझ्या गाडीचं काम. इंजिनाबद्दल तक्रार नाही. सीट कडक होती, त्यावर उशी टाकली, विषय संपला.

तक्रार आहे ती खालच्या आवाजाची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा गाडी बहुतेक उभीच होती. ऑगस्टात धंदा सुरू झाला आणि फ्लोअरखाली चिमणी बोलायला लागली. चीं-चीं, गाडीचा वेग वाढला की तीही घाई करणार. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की 'टक्'. माल भरलेला असताना जवळजवळ गप्प, परतीला रिकामी असताना मात्र कान किटतील इतका आवाज.

सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराने गाडी चालवूनही बघितली नाही. "सर, डिफ्रन्शल गेलंय. क्राऊन-पिनियनचा सेट टाकावा लागेल." (डिफ्रन्शल म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरांचा डबा, क्राऊन-पिनियन त्यातले मुख्य गिअर.) एस्टिमेट चौतीस हजार. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे, "मासळीचं खारं पाणी लागलंय, गंज वॉरंटीत बसत नाही." अहो, क्राऊन-पिनियन बंद हौसिंगमध्ये ऑईलमध्ये बुडालेलं असतं. तिथे पाणी शिरलं असतं तर ऑईल दुधाळ झालं असतं. बोल्ट खोलून दाखवा म्हटलं. बरीच हुज्जत झाल्यावर खोलला, तर ऑईल स्वच्छ. तरी एस्टिमेट चौतीस हजारच! गाडी तशीच बाहेर काढली.

एवढे पैसे वाचवायचे तर आवाज कधी येतो आणि कधी थांबतो, हे आधी स्वतः बघावं. उभ्या गाडीत न्यूट्रलवर घरघर येते आणि क्लच दाबल्यावर बंद होते, तर बहुधा गिअरबॉक्सचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच सुरू होते, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. डिफ्रन्शलचा आवाज लांब, रडका असतो आणि अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो. फक्त वळणावर कटकट झाली तर आतल्या छोट्या गिअरांकडे बघा. चाकाच्या बेअरिंगला अॅक्सिलरेटरशी देणंघेणं नसतं, गाडीचा भार डावीकडून उजवीकडे गेला की त्याचा सूर बदलतो. माझी चिमणी क्लच दाबून गाडी नुसती घरंगळत ठेवली तरी बोलतच होती, अॅक्सिलरेटरची तिला पर्वा नव्हती. म्हणजे चाकांबरोबर फिरणारं काहीतरी, आणि आवाज फ्लोअरखालून, तेव्हा ते बहुधा शाफ्टमध्येच, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफ्रन्शलपर्यंत फिरणाऱ्या लांब दांड्यात.

कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या उस्तादाने शाफ्ट खाली घेतला आणि मागच्या जॉइंटचा क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनातही फिरू देणारा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, माझ्या हातात दिला. एका बाजूला वळेना, दुसऱ्या बाजूला ढिला. त्याच्या टोकावरचा कप उघडला तर ग्रीसच्या जागी तांबडी भुकटी, सुयांसारखे रोलर तिच्यात रुतलेले. रिकामी गाडी मागून उचललेली असते, जॉइंटचा कोन वाढतो, म्हणून परतीलाच ओरड जास्त.

आता मुख्य राग. कंपनीने क्रॉस सीलबंद दिलाय, ग्रीस भरायचं छोटं तोंड, म्हणजे निपलच नाही. हौद्यातून बर्फाचं खारं पाणी गळतं ते थेट या शाफ्टवर. मासळीवाल्यांना हीच गाडी विकता, मग एक निपल द्यायला काय हात जड होतो? निपलवाला क्रॉस साडेचारशेला मिळाला, मजुरी वेगळी. आता आठवड्याला ग्रीस गनचे चार दट्टे मारतो. जुनं ग्रीस सीलमधून बाहेर येतं आणि आत शिरलेलं पाणीही बरोबर घेऊन येतं.

त्या दिवशी उस्तादाच्या हाताखालच्या पोराने शाफ्ट परत जोडताना मधल्या स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टचे दोन भाग एकमेकांत बसतात त्या दातेरी जोडावर, खूण न करता घुसवला. चिमणी गेली आणि पन्नासच्या पुढे अख्खी केबिन थरथरायला लागली. कोनात चालणाऱ्या जॉइंटचा वेग एका फेरीत दोनदा किंचित कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत असले तरच दुसरा जॉइंट ते खाऊन टाकतो. उस्तादाने शाफ्ट काढून सरळ बसवला, पैसे घेतले नाहीत. तुम्ही शाफ्ट खोलायला लावाल तेव्हा आधी खडूची रेघ मारायला सांगा, पोरासमोर उभं राहून.

दोन महिन्यांनी माझं मत थोडं नरमलंय. निपलवाल्या क्रॉसला आतून ग्रीसची भोकं पाडलेली असतात, म्हणून तेवढ्याच मापाचा सीलबंद क्रॉस जरा मजबूत. सिमेंट-सळया वाहणाऱ्याने कंपनीचाच ठेवावा. खाऱ्या पाण्यातला धंदा असेल तर मात्र माझं ऐका. 'टक्' अजूनही हलका येतो, पण उस्ताद म्हणतो गिअरांत तेवढी फट लागतेच, त्यामागे पैसे घालू नका.

राहिली साठच्या वरची गुणगुण. ती काँक्रीटवर वाढते आणि डांबरावर जवळपास नाहीशी होते, म्हणजे टायर. सर्व्हिस सेंटरवाल्याने परवा फोनवर त्यालाही 'हब बेअरिंग', म्हणजे चाकाचं बेअरिंग म्हटलं. टायरची नक्षी अजून निम्मी शिल्लक आहे, ती संपेपर्यंत काहीही बदलणार नाही.