म्यूट काढू नका! जुन्या ग्रेच कंट्री जंटलमन गिटारचा काही महिन्यांचा अनुभव

"हा म्यूट काढूनच टाका, कुणी वापरत नाही," असं तारांचा आवाज दाबणाऱ्या या यंत्रणेबद्दल दुरुस्तीवाल्याने सांगितलं आणि त्या कामाचे 300 डॉलर मागितले. मी गिटार उचलून घरी आणली. ब्रुकलिनच्या कारखान्यात साठच्या दशकात बनलेली, दोन कटअवेची (मानेजवळ दोन्ही बाजूंना खाचा असलेली) गिटार आहे ही. पदरचे पैसे देऊन तिचा अवयव मी उपटू देणार नाही.

बाकीच्या तऱ्हा तुम्हाला ठाऊक असतीलच. फीडबॅक (अ‍ॅम्पचा घुमणारा किंचाळा) होऊ नये म्हणून वरची फळी बंद, एफ-होल, म्हणजे f आकाराची भोकं, नुसते रंगवलेले. तारांचं कंपन टिपणाऱ्या, रे बट्सने बनवलेल्या फिल्टरट्रॉन पिकअपबद्दल तक्रार नाहीच. टोनला नॉबऐवजी तीन जागांचा स्विच: मधे स्वच्छ आवाज, वर-खाली केला की गढूळ. माझा कायम मधेच असतो. झिरो फ्रेट (मानेच्या टोकाला, तारा टेकतात ती जादा पट्टी) आधी अनावश्यक वाटला होता, पण मोकळी तार आणि दाबलेली तार एकाच जातीची वाजते, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की दुसरी गिटार घेतली की खटकतं.

पण मुद्दा म्यूटचा. ब्रिजजवळ (तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारांखाली फोमच्या दोन गाद्या, एक जाड तारांसाठी, एक बारीक तारांसाठी. नॉब फिरवला की गादी वर येऊन तारांना टेकते. (नंतरच्या गिटारींत लीव्हर आला.) साठ वर्षांचा फोम सडून चिकट झाला होता, नॉब फिरायचे, आवाजात फरक शून्य. पहिले काही आठवडे मलाही ही यंत्रणा शोभेचीच वाटली. शेवटी पाठीवरचं बटणांचं कव्हर काढलं. आत हात जाईल एवढं भोक आहे! जुना फोम खरवडला आणि दाराच्या फटीला लावतात ती मऊ पट्टी कापून बसवली. खर्च 6 डॉलर.

आणि मग कळलं. फक्त जाड तारांचा म्यूट वर केला, की अंगठ्याने वाजवलेला बेस आखूड, ठसठशीत येतो आणि बारीक तारा खुल्या गातात. गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सच्या पद्धतीने वाजवताना (अंगठ्याने बेस, बोटांनी सूर) बेस दाबायला एरवी तळहात ब्रिजवर टेकवून ठेवावा लागतो. इथे तो मोकळा राहतो. गादी फार वर चढवू नका, तारा ताणल्या जाऊन सूर चढतो. नुसती टेकली पाहिजे.

विकत घेणार असाल तर विक्रेत्याला कव्हर काढून आतला फोटो मागा. म्यूट काढलेला असेल तर किंमत पाडून घ्या.