करार की यार्ड? वीस गुंठ्यांचा हिशेब

उसाला एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) आहे, ती १४ दिवसांत द्यायचा नियम आहे. भाजीला असलं काही नाही. म्हणून करवीर तालुक्यातल्या आमच्यासारख्या वीस गुंठे ढबू मिरचीवाल्यापुढं दोनच वाटा: कंपनीशी करार, नाहीतर पहाटे गाडी भरून कोल्हापूरचं शाहू मार्केट यार्ड.

यार्डात सौदा झाला की पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात. भाव चढला तर चांदी. पडला तर गाडीभाडं, हमाली वजा जाऊन उरतं ते चहापुरतं. करारात दर लावणीआधीच ठरतो. रोपं, औषधं उधारीवर मिळतात, बिलातून कापतात. लहान शेतकऱ्याला खरा आधार इथंच आहे, सावकाराचं दार टळतं.

पण ग्रेडिंग! गेल्या साली माझे सहा क्रेट 'साइज नाही' म्हणून परत आले. चिडून करार उघडला, तर पान दोनवर तसं लिहिलेलंच. (वाचतो कोण सही करताना?) आणि भांडायला २०२० चा केंद्राचा करार शेतीचा कायदाही उरलेला नाही, तो २०२१ मध्येच रद्द झाला.

मी आता दहा गुंठे करारात घालतो, दहा यार्डासाठी मोकळे ठेवतो. नाकारलेला माल कोण उचलणार, हे मात्र आधी कागदावर घेतो.