निकोटिन गम : अकरा महिन्यांनंतर एका तंबाखूवाल्या गुरुजीचा अनुभव

मी ओढणारा नव्हे, मळणारा. एकोणीस वर्षं, दिवसाला अडीच पुड्या. वर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' असं ठळक रंगवलेलं आहे. ते रंगवून घेणारा मी, त्याचे फोटो अपलोड करणारा मी, परिपाठाला मुलांकडून शपथ म्हणवून घेणारा मी, आणि परिपाठ संपला की पाण्याच्या टाकीमागे जाऊन बार भरणाराही मीच.

गेल्या १ मेला निकाल वाटून झाले आणि २ मेपासून मी तंबाखू बंद केली. सुट्टीचा मुहूर्त मुद्दाम धरला. सात महिने निकोटिन गम वापरला, मग एकदा घसरलो, पुन्हा तीन आठवडे वापरला, आणि आता अडीच महिने झाले त्याच्याशिवाय आहे. स्टाफरूममधले दोघं-तिघं अधूनमधून हळूच विचारतात, "सर, त्या गोळीनं खरंच काही होतं का?" त्यांना तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. कंपनीचं नाव देत नाही. औषध सगळ्यांत तेच असतं, फरक चवीचा.

कारण सांगायचं तर दात. दाढ ठणकली म्हणून गेलो होतो. डॉक्टरांनी दाढ राहू दिली बाजूला आणि खालचा ओठ उलटा करून आरसा माझ्या हातात दिला. जिथं रोज गोळी ठेवायचो तिथं पांढरट, सुरकुतलेला चट्टा. तीन बोटं उभी आत जातात का ते बघितलं. गेली, म्हणजे तोंड उघडतंय. "तंबाखू पूर्ण बंद करा, सहा आठवड्यांनी या. तेव्हाही हा असाच दिसला तर तुकडा काढून तपासू." एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मेडिकलमधून गमची पट्टी घेतली. २ मिलिग्रॅमची विनाचिठ्ठी मिळते, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. दुकानदारानं क्रोसिन द्यावी तशी दिली. कशी खायची, काही नाही. नाव च्युइंगम, म्हणून मी ती च्युइंगमसारखी कराकरा चावली. पाच मिनिटांत घसा जळायला लागला, दहा मिनिटांत उचकी, मग मळमळ. दुसऱ्या दिवशी चहा झाल्या झाल्या खाल्ली, तर उलटं, काहीच झालं नाही, तलफ जशीच्या तशी. शंभर रुपये पाण्यात गेले म्हणून पट्टी कपाटावर फेकली. या वस्तूबद्दल 'काही उपयोग नाही' म्हणणारे जे भेटतात ना, त्यांतले निम्मे इथंच थांबलेले असतात, अशी माझी पक्की समजूत आहे.

तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो. एकोणीस वर्षं पुडी हातात घेतली, पण त्या चित्राकडं आणि नंबराकडं बघायचं नाही ही कला अंगी बाणली होती. तिसऱ्या दिवशी फोन केला. मराठीत बोलणारा माणूस मिळाला. त्यानं जे सांगितलं ते असं: गम चावायचा नसतो, ठेवायचा असतो. सावकाश दहा-पंधरा वेळा चावा, जिभेला मिरमिरलं की थांबा, आणि गाल आणि हिरडीच्या मधे सारून ठेवा. मिरमिर ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावा, या खेपेला दुसऱ्या बाजूला ठेवा. असा अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं. थुंकीबरोबर गिळलं तर पोटात जातं, तिथून उचकी आणि जळजळ तेवढी मिळते.

मी म्हटलं, "अहो, म्हणजे तंबाखूसारखीच ठेवायची की!" तो हसला. खरंच, मळणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ओढणाऱ्यांना अवघड जात असेल.

चहाचं कोडंही सुटलं. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन कातडीतून नीट शिरत नाही. चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक यांच्यानंतर पंधरा मिनिटं गम खायचा नाही, आणि तोंडात गम असताना तर काहीच घ्यायचं नाही. उलट तोंड अल्कधर्मी असेल तर ते झपाट्यानं शिरतं. आपण चुना का लावतो याचं उत्तर मला एकोणीस वर्षांनी असं मिळालं. गमच्या पुड्यावर घटक वाचले तर त्यात सोडियम कार्बोनेट. म्हणजे कारखान्यात घातलेला चुनाच म्हणा. विज्ञान शिकवतो मी, आम्ल आणि आम्लारी शिकवतो, लिटमस दाखवतो. खिशातल्या चुन्याच्या डबीचा विचार कधी मनात आला नाही. या नादात एक सूचना: तलफ आली की आवळा चघळा असं पुष्कळ जण सांगतात. चघळा, पण गमच्या आगेमागे नको. आणि सुपारी तर अजिबात नको. तंबाखू सोडून सुपारीवर आलेले माझ्या ओळखीत चार जण आहेत, आणि सुपारी नुसती, तंबाखूशिवायही, कॅन्सर करते.

आता तक्रार. पत्रक इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, आणि सगळं सिगारेटचं. दिवसाला इतक्या सिगारेटी ओढत असाल तर इतक्या गोळ्या. अरे, पण अडीच पुड्या म्हणजे किती सिगारेटी? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्याही आत होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे चोवीस टक्क्यांच्या वर. म्हणजे ज्या गिऱ्हाइकांना ही वस्तू लागणार, त्यांच्यासाठी पत्रकात एक ओळ नाही. फोनवरच्या माणसानं सोपी खूण सांगितली: सकाळी उठल्यावर पहिली तंबाखू अर्ध्या तासाच्या आत लागते का? लागत असेल तर व्यसन जड, डॉक्टरांना ४ मिलिग्रॅमबद्दल विचारा. मला चहानंतर, म्हणजे तासाभरानं लागायची. २ वर भागलं. सुरुवातीला दर दीड-दोन तासांनी एक, तलफ यायची वाट न बघता. ही गोष्ट महत्त्वाची आहे. मी तलफ अंगावर आली की मग खायचो, तोवर उशीर झालेला असायचा. गम तंबाखूइतका चटकन चढत नाही.

पहिले तीन आठवडे गम असूनही वाईट गेले. गम तलफेची धार बोथट करतो, तलफ मिटवत नाही. झोप तुटक, स्वप्नं विचित्र. तोंडात फोड्या आल्या. घरात मी कशावरही भडकायचो. मुलीनं पेनाचं टोपण चावलं म्हणून ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही परत खायला लागा." आणि पोट साफ होणं बंद. हे कुणी उघड बोलत नाही पण मळणाऱ्या माणसाला विचारा, सकाळची पहिली गोळी कशासाठी असते. इसबगोल, गरम पाणी, पहाटे फेरी, असं करत महिन्याभरानं गाडी रुळावर आली. कित्येक जण या एका कारणानं परत सुरू करतात, म्हणून लिहिलं.

पैशाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडतो. तंबाखूला दिवसाला पंचवीस-तीस रुपये जायचे. गमला पहिल्या महिन्यात शंभर. सात महिन्यांत साडेअकरा हजारांच्या आसपास गेले, तेवढ्या दिवसांची तंबाखू सहा हजारांत झाली असती. 'व्यसन सोडा, पैसे वाचवा' हे पहिल्या वर्षी खरं नसतं. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनचा हा उपचार आलेला आहे. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीचं केंद्र असतं, तिथं आधी विचारा. मी लाजेनं गेलो नाही. गुरुजी रांगेत दिसले असते ना.

गम ज्याच्याबद्दल काहीच करू शकत नाही ते म्हणजे तळहात. निकोटिनची सोय झाली, पण अंगठ्याची झाली नाही. फळ्यासमोर उभा असताना डाव्या तळव्यावर उजवा अंगठा आपोआप फिरायचा. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात चौथीतल्या एका पोरानं माझी नक्कल केली होती: चष्मा नाकावर, हातात छडी, आणि मधेच तळहातावर मळून दोन टाळ्या, थाप थाप, बोटांनी चुना झटकणं, ओठ पुढं ओढून चिमूट आत. इतकं तंतोतंत, की पालक पोट धरून हसले. मीही हसलो. त्या पोरानं हे पाण्याच्या टाकीमागे येऊन बघितलं होतं, हे मला रात्री झोपताना कळलं.

त्यात संगतीचंही आहे. तंबाखू एकट्याची नसते. अनोळखी माणूस बसमध्ये शेजारी बसतो, हात पुढं करतो, "हाय का?" म्हणतो, की झाली ओळख. शिपाई आणि केंद्रप्रमुख एकाच तळहातातली चिमूट उचलतात. तिथं गमची पट्टी काढली की लोक आजारी माणसाकडं बघावं तसे बघतात. या गमची कल्पना म्हणे स्वीडनमध्ये पाणबुडीतल्या खलाशांवरून सुचली. पाणबुडीत सिगारेट ओढता यायची नाही म्हणून ते तंबाखू तोंडात धरायचे. पाणबुडीत निदान पारावरची मंडळी तरी नव्हती.

बरं काय झालं? सहा आठवड्यांनी चट्टा फिका झाला होता, पुढच्या खेपेला डॉक्टरांना तो शोधावा लागला. तुकडा काढायची वेळ आली नाही. दर चार महिन्यांनी दाखवायला मात्र सांगितलंय आणि मी जातो. चव परत आली, पण ती एकदम आली नाही. जुलैत एक दिवस बायकोला म्हटलं, "आज भाजी खारट झालीय." ती म्हणाली, "अहो, मीठ तेवढंच आहे. इतकी वर्षं तुम्ही वरून घेत होता." हिरव्या मिरचीचा ठेचा आता तोंडाला झोंबत नाही, आधी त्या ओठाला चटका बसायचा. आणि पहिल्या पावसात शाळेच्या पत्र्याखाली वर्गात ओल्या दप्तरांचा वास येतो. तो बऱ्याच वर्षांनी आला.

गम सोडणं हे वेगळं प्रकरण. बारा आठवड्यांत कमी करत न्यायचा असं सांगतात. मी चौथ्या महिन्यात दिवसाला चारवर आलो आणि तिथंच अडकलो. सातव्या महिन्यापर्यंत चार. पानाच्या चवीचा मिळतो, तोच घ्यायचो, आणि सकाळी पट्टी संपलेली दिसली की छातीत धस्स व्हायचं, पुडी संपल्यावर व्हायचं तसंच. एक खूळ गेलं आणि दुसरं आलं, असं वाटून नोव्हेंबरअखेर एकदम बंद केला. ती चूक. डिसेंबरात निवडणुकीची ड्युटी लागली. मतदानाच्या आदल्या रात्री परक्या गावातल्या शाळेत आम्ही चौघे आणि एक पोलीस, फरशीवर सतरंजी, थंडी, झोप नाही, मशीनवर नजर. अडीचच्या सुमाराला पोलिसानं मळली आणि सवयीनं तळहात सगळ्यांपुढं फिरवला. माझ्यापुढं आला. मी घेतली.

आधी गरगरलं, घाम आला. मग पाच मिनिटं असं वाटलं, की घरी आलो. ही पाच मिनिटं लपवायची नाहीत म्हणून लिहितोय. सकाळी आणखी दोनदा घेतली, पण विकत घेतली नाही. साहित्य जमा करून घरी परतताना हेल्पलाइनला फोन केला. तिकडून एकच प्रश्न आला: "गम आहे का जवळ?" मेडिकलमधून पट्टी घेतली आणि पुन्हा चारपासून सुरू, या वेळी दर पाच दिवसांनी एक कमी. तीन आठवड्यांत शून्य. आता एक पट्टी शर्टाच्या खिशात असते, पुडी असायची त्याच जागी. जानेवारीपासून तीत आठ गोळ्या आहेत, अजून आठच आहेत.

घ्यावा का? मळणाऱ्यानं जरूर घ्यावा, वरची रीत समजून घेऊन. सिगारेटवरच्या अभ्यासांत अशा उपचारानं सुटण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढलेली दिसते, त्यापेक्षा जास्त अपेक्षा धरू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि कवळी असलेल्यांना हा गम जमत नाही. हे कसं कळलं तेही सांगतो.

आमची आई साठेक वर्षं मिश्री लावते. दिवाळीत माझं बघून म्हणाली, "दे बघू एक, लागंल तर लागंल." दिली. दोन मिनिटांत गोळी कवळीला अशी चिकटली, की कवळीच हातात काढून घ्यावी लागली. तिनं ती गोळी नखानं सोडवली, माझ्या तळहातावर ठेवली. "आरं हे रबार हाय. तुझं तुला." निकोटिनच्या पट्ट्या मिळतात, कातडीवर चिकटवायच्या, त्यांची चौकशी जिल्हा रुग्णालयात करून आलोय. या वेळी रांगेत उभा राहून. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. मिश्री आता चुलीपुढं भाजत नाही, परसात जाऊन भाजते, आणि मी शाळेतून येताना दिसलो की तवा झाकते.