बेटर शेल्टरचं आरएचयू: घर तीन वर्षांचं, राहणारे किती वर्षांचे?

डिझाइनवाल्या मंडळींनी निर्वासितांसाठी बनवलेल्या या जोडणीच्या घराचं एवढं कौतुक करून ठेवलंय की आता नीट रिव्ह्यू कोणी करतच नाही. लंडनच्या डिझाइन म्युझियमने 2016 चा बीझली डिझाइन ऑफ द इयर पुरस्कार याला दिला, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात विस्थापितांच्या निवाऱ्यांवरच्या प्रदर्शनात हे मांडलं गेलं, आणि फोटोत दिसतंही छान, पांढरं स्वच्छ, लहान मुलांनी काढलेल्या चित्रातल्या घरासारखं. पण बक्षीस देणाऱ्यांपैकी कोणालाच त्यात पाच माणसांचा संसार थाटायचा नव्हता, त्यामुळे ज्यांना थाटावा लागतो त्यांच्या बाजूने बघूया.

आधी वस्तू काय आहे ते. नाव रेफ्युजी हाउसिंग युनिट, सगळे आरएचयूच म्हणतात. बेटर शेल्टर ही स्वीडनमधली संस्था, फर्निचरवाल्या आयकियाच्या फाउंडेशनचे पैसे आणि यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था सोबतीला. म्हणून पेपरात कायम 'आयकियाचं घर' असं छापून येतं, पण ते आयकियाच्या दुकानात मिळत नाही, उगाच शोधू नका. माल चपट्या खोक्यांत येतो, स्टीलचा सांगाडा, पॉलिओलेफिन नावाच्या प्लॅस्टिकचे पॅनेल, चार खिडक्या, हवेसाठी झरोके, एक दार, आणि एक सोलर दिवा ज्यावर मोबाइल चार्ज होतो. चार जण असले तर पाच-सहा तासांत उभं राहतं, वीज नको, ड्रिल मशीन नको. सूचना चित्रांत आहेत त्यामुळे भाषेचा प्रश्न येत नाही. मी एकदा जोडणीला हात लावलाय, पॅनेल बसवायला काहीच अडचण नाही, पण बेस चौकोनी नाही आला तर पुढे सगळंच तिरकं जातं, म्हणून पहिला तास घाई करू नका, दोरी धरून कर्ण मोजा आणि मगच खुंट्या ठोका.

जागा साडेसतरा चौरस मीटर, म्हणजे 188 स्क्वेअर फूट. हा आकडा उगाच आलेला नाहीये, मदतकार्यात जी स्फिअर मानकं पाळतात त्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा धरलीये, पाच जणांचं कुटुंब धरलं की बरोब्बर साडेसतरा. किमान हा शब्द मात्र विसरू नका, कारण आत सगळी मिळून एकच खोली, स्वयंपाकघर नाही, संडास नाही, ते सगळं बाहेर सामाईक. सहावं माणूस आलं, म्हणजे मूल झालं किंवा मागे राहिलेली आजी येऊन पोचली, की हिशोब तिथेच बिघडला. आणि विस्थापितांच्या घरात माणसं नंतर येऊन मिळतातच, हे काय कुणाला नवीन आहे का?

दार. माझ्या मते अर्धे मार्क एकट्या दाराला. तंबूला चेन असते, तिला कुलूप कसलं लावणार आणि लावलं तरी ब्लेडने कापड फाडून कोणीही आत येतं. इथे आतून कडी लागते, बाहेरून कुलूप लागतं. ज्या बाईने लढाईतून पळून येताना काय काय बघितलंय तिला रात्री कडी लावून झोपता येणं आणि सकाळी रेशनच्या लाइनीत जाताना घराला कुलूप घालता येणं ही ऐश नाहीये, पहिली गरज आहे. कुटुंबातल्या एकाला दिवसभर सामान राखत बसावं लागत नाही, मग तो माणूस कामाला जातो, मुलगी शाळेत जाते. दुसरी हुशारी भिंतीत आहे, दिवसा उजेड आत येतो पण रात्री आत दिवा लावला तर बाहेरून सावल्या दिसू नयेत असे पॅनेल घेतलेत. तंबूत कंदील लावला की बाहेरून अख्खा सिनेमा दिसतो, त्यामुळे ज्याने हा विचार केला त्याला सलाम. आवाजाचं मात्र काही करता आलेलं नाही, पातळ भिंत ती पातळच, शेजारच्यांचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येणार.

आता आगीचं. डिसेंबर 2015 मध्ये झुरिच शहराने एका मोठ्या हॉलच्या आत अशी 62 घरं लावून निर्वासितांची सोय करायची ठरवली होती, पण स्वतः आगीची टेस्ट घेतल्यावर तो बेतच रद्द केला. त्या बातमीवरून लोक अजून 'ती जळणारी घरं' म्हणतात. बंद हॉलमध्ये दाटीने लावणं हा वापरच मुळात वेगळा हे मान्य, आणि 2017 मध्ये बरेच बदल करून नवीन आवृत्तीही आली, तरी माझं मत असं की कुठलाही हलका निवारा घ्या, अंतर हीच खरी अग्निसुरक्षा. दोन घरांत किमान दोन मीटर, आणि वस्तीत दर 300 मीटरला 30 मीटरचा मोकळा पट्टा, असं मानक आहे. कागदावर ते असतंच हो. पण वर्षभरात प्रत्येक जण घरापुढे ताडपत्रीचा मांडव काढतो, चूल मांडतो, मागे कोंबड्यांचं खुराडं, आणि ते दोन मीटर कुठे गेले कळतही नाही. लोकांना दोष देऊ नका, 188 फुटात चूल कुठे मांडायची ते आधी सांगा!

यावरून लेआउटचं येतं, आणि खरं सांगायचं तर घरापेक्षा हाच विषय जास्त महत्त्वाचा आहे पण ऑर्डर देणारे त्याच्यावर सगळ्यात कमी वेळ घालवतात. यूएनएचसीआरच्या नियोजनात 16 कुटुंबांचा, म्हणजे साधारण 80 माणसांचा एक गट धरतात, असे 16 गट मिळून ब्लॉक. 16 घरं मधे अंगण ठेवून यू आकारात लावली तर मुलं डोळ्यासमोर खेळतात, नळ आणि संडास कोणाचे ते ठरतं, म्हातारी माणसं दारात बसतात आणि परका कोणी आला तर लगेच कळतं. तीच 16 घरं रांगेत लावली की झाली बराक. माल तोच, खर्च जवळपास तोच, राहणं मात्र पूर्ण वेगळं. तरी बहुतेक ठिकाणी रांगाच दिसतात कारण रांग आखायला सोपी आणि मोजायला सोपी.

जॉर्डनमधली झातारी छावणी बघा, तिथे आरएचयू नाही, कंटेनरसारखे कॅरॅव्हॅन आहेत, पण धडा तोच. 2012 मध्ये सिरियातून आलेल्या लोकांसाठी उघडली आणि लोकांनी आखलेला नकाशा चक्क मोडला, कॅरॅव्हॅन चाकांच्या गाड्यावर घालून नातेवाइकांच्या, गाववाल्यांच्या शेजारी नेले, दोन-तीन समोरासमोर ठेवून मधे अंगण केलं, आणि मुख्य रस्त्यावर एवढी दुकानं थाटली की पॅरिसच्या प्रसिद्ध रस्त्यावरून त्याला शाँझेलिझे म्हणायला लागले. मग झातारीवरून शिकून जॉर्डनमध्येच 2014 मध्ये अझ्राक छावणी आखली, पत्र्याची पक्की घरं, ओळीत, मोकळी अंतरं, सगळं शिस्तीत. पाहणाऱ्यांनी लिहिलंय की शिस्त आहे पण जीव नाही. शिकायचं काय होतं आणि शिकले काय! आरएचयूची जमेची बाजू इथे आहे, वजन दीडशे किलोच्या आसपास, सुटं होतं, म्हणजे कुटुंबाला भावाशेजारी जायचं असेल तर घर सोबत नेता येतं. आता छावणी चालवणारे नेऊ देतात का, हा प्रश्न बेटर शेल्टरला विचारून उपयोग नाही.

खरी गोची घराच्या आयुष्याची. बेटर शेल्टर स्वतः तीन वर्षं सांगते, तेही देखभाल केली तर. तंबू वर्षभरात उन्हाने विरतो, त्यामुळे तीन वर्षं भारीच, 2015 च्या सुमाराला किंमत हजार-बाराशे डॉलर होती, तंबूपेक्षा बरीच जास्त, पण तीन तंबू बदलण्यापेक्षा परवडतं असा सगळा युक्तिवाद. ठीक आहे. पण यूएनएचसीआर ज्याला प्रदीर्घ विस्थापन म्हणते त्याची सुरुवातच पाच वर्षांपासून होते. केनियातली दादाबची निर्वासित छावणी 1991 पासून आहे. जॉर्जियात 1992-93 च्या अबखाझियाच्या युद्धातून आलेल्या लोकांना त्स्काल्तुबोच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये तात्पुरतं म्हणून ठेवलं, त्यांची नातवंडं तिथे जन्मली. तिथे तीन वर्षांचं घर देणारा खोटं बोलत नाहीये, घेणारा स्वतःशी खोटं बोलतोय, आणि पॅनेल चिरले की बदली पॅनेलचे पैसे कुठल्याच बजेटमध्ये नसतात.

लढाई संपून कायमचं वसवायचं असेल तर हे घेऊच नका, हा माझा स्पष्ट सल्ला. श्रीलंकेत 2009 मध्ये युद्ध संपल्यावर उत्तर आणि पूर्वेकडे भारताच्या मदतीने जी हजारो घरं झाली त्यात बहुतेक ठिकाणी पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या खात्यात गेले आणि घर त्यानेच बांधून घेतलं, पाया झाला की पुढचा हप्ता. त्यात कर्ज होतं, दमछाक होते, विधवेला एकटीने गवंडी शोधावा लागतो, हे सगळं खरं, पण दार कुठल्या दिशेला ते ती ठरवते आणि पुढे खोली वाढवता येते. नंतर तिथेच 65,000 तयार स्टीलच्या घरांची योजना आली तेव्हा केवढा विरोध झाला, महाग, हवेला न मानवणारी, आणि गावातल्या गवंड्याला काम नाही. लोकांना छान कळतं, त्यांना विचारलं तर.

मग आरएचयू घ्यायचं कोणी? जिथे लोक कालच येऊन पोचलेत, बांबू-माती हाताशी नाही, थंडी तोंडावर आहे, तिथे डोळे झाकून घ्या, साडेतीन स्टार. उष्ण भागात वर सावलीचं काहीतरी घालाच आणि खाली ओटा बांधा, कारण पक्की जमीन पॅकेजमध्ये येत नाही आणि पहिल्या पावसात ते कळतं. माती-बांबू मिळत असेल तर मात्र त्यांचंच 'स्ट्रक्चर' नावाचं दुसरं मॉडेल बघा, नुसता स्टीलचा सांगाडा येतो, सुरुवातीला ताडपत्री, मग हळूहळू ज्याला जमेल तशा भिंती घालायच्या. मी असतो तर तेच मागवलं असतं, आणि वाचलेल्या पैशांत सुतार लावून प्रत्येक घराला एक दणकट दार.