बॉयलरचं नियंत्रण: आहे ते पीआयडी नीट लावावं की एमपीसी घ्यावं?

कोळशावरच्या 210 किंवा 500 मेगावॉटच्या संचाचं डीसीएस, म्हणजे संच चालवणारी संगणकीय नियंत्रण यंत्रणा, बदलायची वेळ आली की हा प्रश्न येतोच. आहेत तेच पीआयडी लूप, म्हणजे ठरवलेल्या आकड्यापासूनचा फरक पाहून व्हॉल्व्ह हलवणारी नियंत्रणं, नीट ट्यून करायचे, की त्यांच्यावर मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे एमपीसी, बसवायचं?

खरी परीक्षा मुख्य वाफेच्या तापमानाची. सेटपॉइंट, म्हणजे राखायचं तापमान, 540 अंशांच्या आसपास. वाफ थंड करणारं स्प्रेचं पाणी वाढवलं तरी सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या, पलीकडे फरक दिसायला काही मिनिटं जातात. लोड उतरला की वाफ कमी वाहते आणि हा उशीर आणखी वाढतो. म्हणून पूर्ण लोडला शांत असलेला लूप अर्ध्या लोडला हेलकावे खातो. डेस्कवरचा इंजिनिअर मग सेटपॉइंटच 530 वर आणून ठेवतो. ट्यूब वाचतात, पण त्या दहा अंशांचे पैसे रोज कोळशात मोजावे लागतात.

इथं एमपीसी निर्विवाद सरस. पुढच्या काही मिनिटांत तापमान कुठं जाईल ते मॉडेलवरून ताडतं, व्हॉल्व्हच्या मर्यादा धरून चाली आखतं, त्यातली पहिलीच खेळतं आणि लगेच पुन्हा हिशेब मांडतं. मात्र त्यासाठी चालू संचावर स्टेप टेस्ट, म्हणजे व्हॉल्व्ह मुद्दाम थोडा हलवून परिणाम मोजायच्या चाचण्या, घ्याव्या लागतात. कोळसा बदलला किंवा पावसाळ्यात ओला आला की मॉडेल चुकायला लागतं. ते जाणणाऱ्या माणसाची बदली झाली, तर लूप हळूहळू मॅन्युअलवर जातात.

एका केंद्रात आम्ही दोन आठवडे गेन, म्हणजे लूपच्या प्रतिसादाचा जोर, बदलत बसलो होतो. शेवटी स्प्रे व्हॉल्व्हपाशी जाऊन उभा राहिलो. कमांड 38 वरून 41 टक्क्यांवर गेली, व्हॉल्व्हचा दांडा (स्टेम) जागचा हलला नाही. 42 ला एकदम उडी! कमांडप्रमाणे व्हॉल्व्ह हलवणारा पोझिशनर बदलला आणि हेलकावे निम्म्यावर आले. असा व्हॉल्व्ह असेल तर एमपीसीचाही इलाज नाही.

संच बहुतेक वेळ भरल्या लोडवर चालत असेल तर लोडनुसार बदलणारे गेन आणि फीडफॉरवर्ड (बदलाची चाहूल लागताच आधीच हालचाल) असलेलं कॅस्केड पीआयडी, म्हणजे एकात एक बसवलेले दोन लूप, पुरतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे सौरऊर्जेच्या वेळी रोज 55 टक्क्यांवर उतरून पुन्हा चढायचं असेल, तर तापमानासाठी एमपीसी जरूर घ्या. ड्रम लेव्हल, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी, मात्र थ्री-एलिमेंट (पातळी, वाफेचा आणि पाण्याचा प्रवाह पाहणाऱ्या) पीआयडीवरच राहू द्या. आणि एमपीसी बंद पडलं तर लूप धक्का न बसता पीआयडीवर आले पाहिजेत, ही अट निविदेतच घाला.